उतरताना दिलेलं नाव

आब. फारसी. मूळ अर्थ पाणी. मराठीत येईपर्यंत पाणी आटलं, नुसता मान उरला. आब राखणे, आब जाणे.

*

तिसगावच्या बाजारात एक बाई मेथीच्या जुड्यांवर ओलं फडकं टाकून बसली होती. बाटलीच्या झाकणाला भोकं पाडलेली. शिंपडायची, थांबायची, उरलेलं पाणी उजेडात धरून बघायची.

*

माझे सासरे नृसिंहराव यांनी आयुष्यभर शाळा चालवली. त्यांच्या शाळेत तारीख नव्हती, दिनांक होता. हजेरीला मुलं ‘हजर’ म्हणत नसत, ‘उपस्थित’ म्हणत. घरातही तेच. फारसीतून आलेला शब्द चालत नसे.

*

बहराम. इराणी राजांनी लावलेलं नाव. उलटं चालत गेलं की ते जुन्या इराणी भाषेतून थेट आपल्या वृत्रघ्नाशेजारी जाऊन बसतं. वृत्र म्हणजे पाणी कोंडून बसलेला. त्याला मारणारा तो वृत्रघ्न, म्हणजे इंद्र.

*

टँकर आला की आबदारवाडीतली कुत्रीसुद्धा रस्त्यावर येऊन उभी राहतात.

*

आता सरळ सांगते.

मी मधुवंती. नगरच्या एका महाविद्यालयात मराठी शिकवते. पुण्यात असताना फारसी शिकले, तेव्हापासून मराठीतल्या फारसी शब्दांची मुळं शोधणं हा माझा उद्योग आहे. नवरा शौनक भूजलाचं काम करतो. जुने आड, बारवा, खापरी नळ साफ करून पुन्हा वाहते करायचे. आम्ही सावेडीत राहतो. सासरे जवळच, स्वतंत्र. शौनक वडिलांच्या शाळेत शिकलेला, त्यामुळे माझ्या उद्योगाची त्याला गंमत वाटे. “तुझे पाहुणे शब्द,” म्हणायचा.

आबदारवाडी तिसगावच्या पुढे, डोंगराच्या कुशीत. तिथे जमिनीखालून एक नळ येतो. डोंगराच्या पायथ्याचं पाणी उतारानं गावातल्या हौदात आणायचं, अशी रचना. निजामशाहीत इराणकडून आलेल्या लोकांनी तो खोदला असं गावात सांगतात. वाटेत ठिकठिकाणी हवेसाठी उभी विवरं ठेवलेली आहेत. गावात त्यांना उसासे म्हणतात. चौकोनी, दगडी, एक माणूस जेमतेम उतरेल एवढे. भिंतीत पाय ठेवायला खोबण्या. बहात्तरच्या दुष्काळानंतर नळ गाळानं बुजला, तो तसाच राहिला होता.

शौनकनं तो उघडायला घेतला. गाळ निघाला, आणि जानेवारीत आतून पाहणी करायचा दिवस ठरला. नळाला फारसी नाव असेल या आशेनं मीही गेले. भर दुपारची वेळ निवडली होती, कारण तेव्हा उसाशात सगळ्यात जास्त उजेड उतरतो.

कारभारी आबदार काठावर उकिडवे बसले होते. नळाची राखण त्यांच्या घराकडे. आबदार म्हणजे पाणी सांभाळणारा, हे मी त्यांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, “मग बराबर हाय की.”

“चपला काडा, सायेब,” ते शौनकला म्हणाले. “आन् नाव घ्या.”

“कोणाचं?”

“तुमचं. खालचं.”

कारभारींचा पुतण्या अमृत टेम्पो चालवतो. तो हसला. “आप्पा, आधी आधार कार्ड बघा सायबांचं.”

“तू गप ए. तुझ्या टेम्पूला लिंबू-मिरची कोन बांधतं रं?”

रीत अशी होती. नळात उतरणाऱ्यानं आपलं नाव वर ठेवायचं. आबदारांच्या घरात तोंडी चालत आलेली काही नावं आहेत, त्यातलं एक कारभारी त्याच्या कानात सांगणार. तो खाली असेपर्यंत वरून त्याच नावानं हाक मारायची, खालून त्यानं ‘हाजीर’ म्हणायचं. वर आला की हौदात हात बुडवून नाव परत द्यायचं. तोवर त्याचं खरं नाव कोणी उच्चारायचं नाही.

“का?” शौनकनं विचारलं.

“खाली कळू न्हाई म्हनून.”

“कोणाला?”

“ते आमी कंदी इचारलं न्हाई.” कारभारी थोडे ओशाळले. “माजीबी पयलीच खेप हाय, सायेब. वडलांच्या तोंडून आयकलं हुतं, तेवढंच.”

त्यांनी शौनकच्या कानाशी तोंड नेलं. मग मला ऐकू येईल असं म्हणाले, “बहराम.”

मला हर्ष झाला. ही नावं कुठल्या पिराची नव्हती, खोदणाऱ्या माणसांची असणार. मी वृत्रघ्नाचं सगळं सांगितलं. शौनक खोबणीत पाय टाकत म्हणाला, “म्हणजे बाबांना चालेल. नातेवाईकच निघाला.”

तो दिसेनासा झाला. कारभारींनी हाक मारली.

“बहराम!”

“उपस्थित!”

अमृत खो-खो हसला. मीही. कारभारी खाली वाकून म्हणाले, “हाजीर म्हनायचं, सायेब.”

“बहराम!”

“उपस्थित!” आता लांबून, पोकळ.

मग बराच वेळ नुसता पाण्याचा आवाज. उसाशातून वारा वर येत होता. ओल्या मातीचा वास, त्यात गुलाबपाण्यासारखं काहीतरी जुनं. कारभारींनी पुन्हा हाक मारली.

“हाजीर.”

“ऐकलं एकदाचं,” मी म्हणाले. कारभारींचा चेहरा सैल झाला.

तो वर आला तेव्हा कोपरापर्यंत चिखल होता. उन्हात डोळे मिटून उभा राहिला. हौदाशी आम्ही गेलो. तळाशी थोडं पाणी होतं. त्यानं हात बुडवला आणि तसाच ठेवला.

“द्या नाव माघारी,” कारभारी म्हणाले.

तो पाण्याकडे बघत राहिला.

“दिलं म्हना नुस्तं.”

तेवढ्यात अमृतचा मोबाईल वाजला, मग दोघातिघांनी एकदम बोलायला सुरुवात केली, आणि ते राहून गेलं.

गाडीत तो म्हणाला, “हवा गरम.”

मी काच खाली केली.

*

दरवाजा. फारसी. आपला म्हणून मिरवतो.

*

पहिले काही दिवस मी त्याला थकवा समजले. तो कमी बोलायचा, पण बोलायचा ते अगदी साधं असायचं.

“दरवाजा बंद.”

“आवाज कमी.”

“जागा तंग.”

जेवताना वाढायला गेले तर, “बस.” बरं आहे का विचारलं तर, “खुशाल.” डॉक्टरांनी तपासलं, रक्त बघितलं, सगळं ठीक. त्यांना तो म्हणाला, “जरा कमजोर. बाकी ताजा.” डॉक्टर हसले.

सासऱ्यांचा फोन आला. “असा तुटक का बोलतोय? तुमचं भांडण झालंय का?”

“नाही, बाबा.”

“त्याला म्हणावं, वाक्याला क्रियापद असतं.”

मी फोन ठेवला. खरंच क्रियापद नव्हतं. नळावरून आल्यापासून त्याच्या तोंडून मी एकही क्रियापद ऐकलं नव्हतं. ये, जा, खा, दे, काहीच नाही. मराठीनं फारसीतून शब्द हजारोंनी घेतले, क्रियापदं मात्र बहुतेक आपली ठेवली.

त्या दिवशी मी भाजी चिरत त्याच्याकडे कान देऊन बसले. हवा. जमीन. चेहरा. खबर. तयार. जरूर. दूर कुठेतरी कुत्रं भुंकलं, तो म्हणाला, “जनावर.” एकही शब्द इकडचा नव्हता. दुसऱ्या कोणाला ते कळणार नव्हतं. ही रोजची मराठी होती. दुकानदाराला, शेजाऱ्याला, डॉक्टरला तो कमी बोलणारा माणूस वाटत होता. माझ्याच कानांना प्रत्येक शब्दाचं गाव ठाऊक होतं.

मी त्याच्यापुढे पाण्याचा पेला ठेवला. “हे काय आहे?”

त्यानं पेला नाकाशी नेला. ओठ पा-साठी मिटले, थांबले, उघडले.

“आब.”

मी त्याला शौनक म्हणून हाक मारली. तो खिडकीबाहेर बघत होता. पुन्हा मारली. पाठ हलली नाही. मग स्वयंपाकघराच्या दारात जाऊन, नुसत्या ओठांनी म्हणावं इतक्या हळू, मी दुसरं नाव घेतलं.

“हाजीर,” तो म्हणाला, आणि उठून उभा राहिला.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा गाळत असताना तो मागे येऊन उभा राहिला. इतका जवळ की त्याचा श्वास मानेला लागत होता. श्वास गार होता.

“नामत चीस्त?”

तुझं नाव काय. फारसीत. शौनकला फारसीचं अक्षर येत नाही. मग तो आणखी बोलत गेला, सावकाश, आणि त्याच्या बोलण्यात ते लांब ए आणि ओ होते जे आजच्या इराणातून केव्हाच गेले. मी ते पुस्तकात वाचले होते. ऐकले कधीच नव्हते.

तो काय बोलत होता? अंधार, पाणी, पाणी, गुडघे, खूप काळ. आणि पुन्हा तेच. नाम.

नाम हा शब्द आपण त्यांच्याकडून घेतलेला नाही, त्यांनी आपल्याकडून नाही. दोन्ही घरं वेगळी होण्याआधीपासून तो दोघांकडे आहे.

मी नाव सांगितलं नाही. का, ते मला तेव्हा माहीत नव्हतं.

*

महाविद्यालयात जाते सांगून मी आबदारवाडीला गेले. या वेळी कारभारींची थोरली बहीण बनुबाई घरी होती. पाहणीच्या दिवशी ती नातीच्या पोराच्या बारशाला काष्टीला गेली होती. तिनं मला ओसरीवर बसवलं, गूळ-पाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं आणि भावाकडे वळली.

“कोनतं नाव दिलंस?”

कारभारींनी सांगितलं.

बनुबाईनं पदर तोंडाला लावला. “मुडद्या, ते नाव खालीच हाय की रं अजून.”

बहात्तर साली त्यांचा चुलता गोरक्षनाथ नळात उतरला होता, ते नाव घेऊन. तो वर आला नाही. नाव परत आलं नाही, म्हणून ते पुन्हा कोणाला द्यायचं नाही, असं घरात ठरलं. कारभारी तेव्हा अंगणात रांगत होते.

“मला कुनी सांगितलंच न्हाई,” ते म्हणाले.

“नळ बुजला हुता. कशापाई सांगायचं? लेकरू तू.”

“मग वर आलंय ते कोण? गोरक्षनाथ?” मी विचारलं. “पण आज्जी, तो फारसी बोलतोय.”

म्हातारीनं नळाच्या दिशेनं बोट केलं. “गोरक्षचुलत्याच्या आंदी बी कोनीतरी त्या नावानं गेलंच आसंल, लेकी. त्याच्या बी आंदी.” मग माझा हात धरून म्हणाली, “त्यानं नाव इचारलं तर सांगू नगंस. तुजं बी, धन्याचं बी.”

आम्ही उसाशापाशी गेलो. ऊन डोक्यावर होतं. अमृतनं मोबाईलची बॅटरी लावून तो दोरीनं खाली सोडला, गोल फिरवला, वर काढला. आम्ही सगळ्यांनी मिळून चित्रण बघितलं. स्वच्छ नळ. घोटाभर पाणी. दोन्ही बाजूंना काळोखापर्यंत कोणी नाही.

“बगा, म्याडम,” अमृत म्हणाला. “उगं घाबरवतीय आत्या.” पण तो काठापासून मागे सरकला होता.

मी खाली वाकले. शौनकचं खरं नाव तोंडात आलं होतं. बनुबाईनं माझ्या ओठांवर हात ठेवला. हाताला राखेचा वास होता.

“ज्या नावानं गेलाय त्याच नावानं.”

“बहराम,” मी म्हणाले.

पाणी.

वारा.

“उपस्थित.”

लांबून नव्हे. थेट खालून.

*

अमृत उतरायला तयार झाला नाही. गावातलं कोणीच झालं नाही. मी उतरते म्हणाले तर बनुबाईनं उसाशाच्या काठावर फतकल मारली. तिचं म्हणणं एकच होतं. एका नावाचा एकच वर राहतो. वर आलेल्यानं नाव परत दिलं की त्याला खाली जावं लागेल आणि खालचा सुटेल. नाव ज्यानं दिलं त्यानंच मागायचं. त्या वेळी काठावर दुसरं कोणतंही नाव निघता कामा नये.

“माजं बी घिऊ नगंस,” तिनं भावाला बजावलं. “गप म्हंजे गप.”

मला तर्कानं सगळं खोटं वाटत होतं. पण तो एक शब्द मी ऐकला होता. पोलिसांना काय सांगायचं? माझा नवरा घरी सोफ्यावर बसलाय आणि त्याला नळातून काढा?

त्याला तिथे कसं न्यायचं, या विचारात मी घरी आले. तो दारात चपला घालून उभा होता.

“तयार,” तो म्हणाला.

*

नाम. मूळ :

*

दुसऱ्या दिवशी सकाळचं कोवळं ऊन. हौदाला ओल सुटली होती. काठावर कारभारी, मी आणि तो. बनुबाई आणि अमृत बाभळीखाली, लांब. कमी तोंडं बरी, असं तीच म्हणाली होती.

“बहराम,” कारभारी म्हणाले. “नाव दे माघारी.”

तो हसला. शौनकसारखाच, डाव्या गालानं.

“नामे दीगर बिदेह.”

कारभारींनी माझ्याकडे बघितलं. “काय म्हनत्यात?”

“दुसरं नाव द्या म्हणतोय.”

“आन् न्हाई दिलं तर?”

तो खाली वाकला. कारभारींचे पाय धरले. कपाळ त्यांच्या पायाच्या बोटांना टेकवलं आणि रडू लागला. शिकलेला, शहरातला, चष्मा लावलेला माणूस. गावातल्या राखणदाराच्या पायावर.

कारभारींच्यानं ते बघवलं नाही. सगळं आयुष्य त्यांनी साहेब लोकांना खुर्ची दिली होती. ते गडबडून मागे सरले, वाकले, त्याचे खांदे धरले.

“आवो, आवो, शौनकसायेब, उठा. आसं न्हाई करायचं.”

बाभळीखालून बनुबाई ओरडली, “नाव दिलंस रं, मुडद्या!”

रडणं थांबलं.

तो उठला. गुडघ्यावरची माती झटकली. चष्मा पुसला.

“चल, मधू,” तो म्हणाला. “घरी जाऊ. उशीर होतोय.”

चल. जाऊ. होतोय.

मी उसाशाकडे धावले आणि काठावर पालथी पडले.

“बहराम!”

खालून उत्तर आलं. न्हाणीघरातून टॉवेल मागताना, जिन्यातून किल्ली विचारताना, लग्न झाल्यापासून मी जो आवाज ऐकत आले, त्या आवाजात.

“हाजीर.”

*

हौद भरला. यंदा आबदारवाडीला टँकर लागला नाही. ग्रामपंचायतीनं उसाशांवर सिमेंटच्या फरशा बसवल्या, पोरंसोरं पडू नयेत म्हणून. फरशीला कान लावला तर पाणी ऐकू येतं. हाक मारायला आता कोणी जात नाही. कारभारी तर हौदाचं पाणीही पीत नाहीत. अमृत त्यांच्यासाठी तिसगावहून जार आणतो.

मी फरशी काढायचा अर्ज दिला. चौकशीला आलेल्या माणसांना नळाची माहिती शौनकनंच समजावून सांगितली. फार छान बोलला. फरशा तशाच ठेवाव्यात, असं त्यानं सुचवलं.

सासरे खूश आहेत. मुलाची भाषा पुन्हा ताळ्यावर आली. रविवारी येतो, शेजारी बसतो, दिनांक म्हणतो. मला अजून ‘तुझे पाहुणे शब्द’ म्हणून चिडवतो. विनोद बरोबर जागेवर येतात.

मी त्याला नावानं हाक मारत नाही. ‘अरे’ म्हणते, ‘ऐक’ म्हणते. काल त्यानं विचारलं, “तू माझं नाव का घेत नाहीस?”

मी म्हटलं, सवय.

“घेऊन बघ,” तो म्हणाला.

*

आता आठवतं, पाहणीच्या दिवशी शौनक खाली उतरला तेव्हा त्याच्या कमरेला दोर बांधला होता आणि दोराचं दुसरं टोक अमृतच्या हातात होतं. माणूस वर येऊन हौदाकडे चालू लागला, तेव्हाही तो दोर उसाशात ताणलेलाच होता.